घोंगड्याखालचा भाव

रघ्या, तुझ्या शोकसभेला मी भांडायला आलो होतो.

लोक हार घेऊन आले होते. मीही एक आणला होता, गुलमंडीवरून, फूलवाल्याशी भाव करून. त्याला वाटलं असेल, मेलेल्या माणसाच्या हारातही हा घासाघीस करतो. करतो. माझा स्वभाव तुझ्या जाण्यानं बदलणार नाही. पण हार हे निमित्त होतं. माईक हातात आला की सगळ्यांसमोर तुझ्यातला माझा वाटा मागायचा, एवढं एकच डोक्यात होतं. तुला मैदानावर कोणी आणलं, तुझ्या हातात पहिला चेंडू कोणी दिला, हे तू जन्मभर कुणाला सांगितलं नाहीस. आता मी सांगणार होतो, आणि तुला मध्ये बोलता येणार नव्हतं. तुझ्याशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही. म्हटलं, यावेळी तरी समोरची बाजू गप्प आहे.

सिडकोतला तो हॉल खचाखच भरला होता. बाहेरच्या चपलांकडे बघितलं तरी कळत होतं की आत कसली माणसं आहेत. होडीएवढे बूट. स्टेजवर तुझा तो फोटो, हवेत उडालेला, चेंडू बोटांच्या टोकावर, खाली तिघं जण तोंड वर करून बघतायत. मी त्या फोटोकडे बघितलं की दरवेळी एकच गोष्ट शोधतो. पास दिला कोणी? तो माणूस फोटोत नसतो. कुठल्याच फोटोत नसतो.

पहिलाच वक्ता उठला आणि त्यानं पाण्याची गोष्ट सांगितली. मेंढरं राखणारा पोरगा बापाबरोबर शहरात आला, तहान लागली, नळ दिसला म्हणून एका शाळेच्या आवारात शिरला, आणि तिथं त्याला बास्केटबॉल दिसला. लोकांनी हुंदके दिले. सुनंदा वहिनींनी पदर तोंडाला लावला. ही गोष्ट तू प्रत्येक मुलाखतीत सांगायचास, अगदी शब्द न बदलता. मी दात खाऊन ऐकत होतो. नळ होता, ते खरं. पण तू पाणी प्यायला आत गेला नव्हतास. मी तुला मानगुटीला धरून आत नेलं होतं. मानगुटीला म्हणजे, माझा हात तिथवर पोचत नव्हता. दंडाला धरून.

छावणीचा गुरुवारचा जनावरांचा बाजार तुला आठवत असेलच, मेल्यावरही. मी तेव्हा हबीबचाचांकडे बकऱ्यांच्या दोऱ्या धरायचो. बाप नव्हता, आई लोकांची धुणी धुवायची, आणि गुरुवारी शाळा बुडवली की संध्याकाळी घरात भाजी यायची. चाचा दलाल. सौदे सगळे कापडाखाली. घेणारा आणि देणारा हातावर कापड टाकणार, खाली बोटं धरणार, तोंडानं हवापाण्याच्या गप्पा, आणि हाताच्या बोटांनी भाव. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच माहीत. मी चाचांच्या मागं लागलो होतो, मला शिकवा म्हणून. ते म्हणायचे, "बेटा, धंदा सिखाते नहीं. देखके चुराते." आता कापडाखालचं मी बघणार कसं आणि चोरणार कसं?

मग सोयगावकडून धोंडीकाका आले, तुझे वडील, खांद्यावर घोंगडं, मागं मेंढरं, आणि मेंढरांच्या मागं तू. बापापेक्षा वीतभर उंच आणि तोंडावर मिसरूडसुद्धा नाही.

मी विचारलं, "कितवीला आहेस?"

"सहावीत हुतो. सोडली."

"का?"

"बाकात पाय बसंनात."

मी हसलो, तर तू मला सरळ उचललंस आणि मेंढरांच्या मधोमध ठेवलंस. तिथपासून आपली दोस्ती.

काकांनी मला शिकवलं. का, ते माहीत नाही. बहुतेक मी त्यांची मेंढरं पळू दिली नाहीत म्हणून. आपल्या दोघांना समोरासमोर बसवलं, मध्ये घोंगडं टाकलं आणि म्हणाले, "करंगळीपासनं मोजायचं. नख दाबलं की अर्धं. आन् तळव्याच्या मधी आंगठा रुतवला की सौदा मोडला. मंग हात काढून घ्यायचा आन् मागं वळून बघायचं नाय." शेवटी एक नियम सांगितला: "घोंगड्याखाली जे ठरलं ते सख्ख्या भावाला सुदिक सांगायचं नाय. सांगितलं की भाव पडतो."

त्याच गुरुवारी मी तुला माझ्या शाळेच्या कोर्टावर नेलं. खेळाच्या सरांनी तुला बघितलं आणि त्यांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. "हा कोण?" मी म्हटलं, "माझा भाऊ." सरांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. "सख्खा?" "व्हय," तू म्हणालास. तुझा तेवढा एक शब्द मी अजून जपून ठेवलाय. त्यानंतर तू मला कुणासमोर भाऊ म्हटलेलं मला आठवत नाही.

पुढचं सगळं लोकांना माहीत आहे असं लोकांना वाटतं. सरांनी तुला वसतिगृहात घातलं, तू वाढत गेलास, टाकलेला चेंडू बास्केटमध्ये पडत गेला. पण आपली टीम का जिंकायची ते कुणाला कळलं नाही. रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याआधी आपण हात मिळवायचो, फ्री थ्रोच्या आधी मिळवायचो, कुणी पडला की त्याला उठवायच्या निमित्तानं मिळवायचो. समोरच्या पोरांना वाटायचं, काय प्रेम आहे यांचं. मी तुझं बोट धरायचो आणि तुला कळायचं की तू कुठं जायचं आणि चेंडू कधी येणार. बोट म्हणजे जागा, नख म्हणजे घाई. तळवा मी कधी दाबला नाही. बोट कुठलं म्हणजे कुठली जागा, ते आजही इथं लिहिणार नाही. तू मान वर करून बघायचास आणि चेंडू तिथं असायचा. लोक टाळ्या तुझ्यासाठी वाजवायचे. मला तेव्हा चालायचं, कारण टाळ्या वाजत असताना तू माझ्याकडे बोट दाखवायचास. पास देणाऱ्याकडे बोट दाखवायची रीत आहे या खेळात. तू ती पाळायचास. तेव्हा.

राज्याच्या निवडीला आपण दोघं गेलो आणि तू एकटा निवडला गेलास. मी सरांना विचारलं, माझं काय चुकलं? सर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "बाळू, तू हुशार आहेस. पण उंची शिकवता येत नाही."

"आणि पास?"

"पास देणारे मिळतात."

रघ्या, हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलंय. मी त्यावर दुकान उभं केलं, गोडाऊन उभं केलं. भंगारापासून सुरुवात केली आणि आज शेंद्र्यात एखाद्या कंपनीला जुनं मशीन काढायचं असलं की पहिला फोन मला येतो. तो काटा काही खाली गेला नाही. तू देशाचा शर्ट घातलास, आखातात खेळलास, घराघरात तुझं पोस्टर लागलं. माझ्या स्वतःच्या पोरीनं तिच्या खोलीत तुझं पोस्टर लावलं. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, "पप्पा, काकांचं आहे." म्हटलं, म्हणून तर काढ.

तुझा पहिला मोठा करार मी केला हे तरी आठवतंय का तुला? जालना रोडवरचं ते हॉटेल. क्लबचा माणूस कोट घालून आला होता, आणि तू खुर्चीत मावत नव्हतास. त्यानं आकडा सांगितला आणि तुझं तोंड उघडं पडलं. टेबलाखाली मी तुझ्या पायावर पाय दिला.

"एवढ्या पैशात आमचा माणूस सरावसुद्धा करत नाही," मी म्हणालो.

तो म्हणाला, "आप इनके एजंट हैं?"

"भाऊ आहे."

"सर, ये हमारा लास्ट है."

मी उठलो. तुझा हात धरून उठवलं. दारापर्यंत गेलो. त्यानं हाक मारली, परत बसलो, परत उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तू माझ्या कानात म्हणालास, "बाळ्या, बस की आता. मला नोकरी सुदिक नाय दुसरी." तुझ्या कपाळावर घाम होता. मैदानावर तुला कधी घाबरलेलं बघितलं नाही, पण त्या हॉटेलच्या गालिच्यावर तू माझी बाही धरून उभा होतास. त्या दिवशी मला तुझ्यापेक्षा उंच वाटलं. शेवटी माझ्या भावात करार झाला. बाहेर येऊन तू मला परत उचललंस, रस्त्यावर, रिक्षावाल्यांच्या समोर.

पुढच्या वर्षी तू दिल्लीचा एजंट केलास. फोनवर म्हणालास, "क्लबवाल्यांना कागदावर लायसनवाला माणूस लागतो रे." असेल. मी म्हटलं, हरकत नाही. हरकत होती.

पण यातलं काहीच खरं दुखणं नव्हतं. खरं दुखणं टॉवेलाचं.

मी दुकानात होतो. टीव्हीवर तुझी मॅच. टाइम-आउट झाला, तुम्ही बाकावर बसलात, कॅमेरा तुझ्यावर आला. तुझ्या मांडीवर पांढरा टॉवेल होता, शेजारी तो केरळचा पोरगा, जोसेफ, तुमचा पास देणारा. आणि टॉवेलाखाली तुझा हात आणि त्याचा हात. तोंडं तुम्हा दोघांची कोचकडे, हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखी. टॉवेल जरा हलला. खेळ सुरू झाला, त्यानं न बघता चेंडू फेकला आणि तू तिथं होतास. कॉमेंट्री करणारा माणूस टीव्हीवर ओरडायला लागला, काय समज आहे या दोघांची, जादू आहे जादू!

मी टीव्ही बंद केला. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणालं, "शेठ, मॅच चालू होती की."

मी म्हटलं, "मशीन घ्यायचंय का मॅच बघायचीय?"

तो उठून गेला. जाऊ दे म्हटलं. एखाद्या नवऱ्यानं बायकोला परक्याचा हात धरताना बघावं, तसं मला झालं होतं. लिहायला लाज वाटते, पण दुसरा शब्द नाही. तू पैसा मिळवलास, मला जळफळाट झाला, तो उतरला. नाव मिळवलंस, तोही निम्मा उतरला. पण काकांनी आपल्या दोघांच्या मध्ये टाकलेलं ते घोंगडं तू उचललंस आणि परक्या माणसाच्या मांडीवर टाकलंस, हे काही उतरेना. त्यानंतर तू मुलाखतीत सांगितलंस, "ही आमच्या गावाकडची रीत आहे, मेंढरं विकायची." गावाकडची! छावणीत, गुरुवारी, माझ्या समोर बसून शिकलेली. आता गावाला वाटा दिलास, मेंढरांनासुद्धा दिलास.

आणि असा तू, तोच तू, माझी आई गेली तेव्हा आखातातून विमानानं आलास. तुझी मोठी मॅच होती, ती सोडून. खांदा द्यायला पुढं झालास, आणि तिरडी तुझ्या बाजूनं वर जायला लागली. बाकीचे तिघं आपले साध्या उंचीचे. कुणीतरी म्हणालं, साहेब, तुम्ही राहू द्या. तू ऐकलं नाहीस. स्मशानापर्यंत गुडघे वाकवून चाललास, तो डावा दुखरा गुडघा घेऊन, माझ्या आईची मान कलू नये म्हणून. परत येताना लोक तुझ्याबरोबर फोटो काढायला मागत होते आणि तू सगळ्यांना हात जोडत होतास. मला त्या वेळीसुद्धा जळायला झालं. माझी आई मेली होती आणि गर्दी तुझ्याभोवती. पण तुझं ते वाकून चालणं मी विसरलो नाही. त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. आभार मानणं मला जमत नाही, समोरचा लगेच भाव वाढवतो असं वाटतं.

तुझ्या वेळी मला खांदा द्यायचा होता. तुझे सगळे खेळाडू आले होते, ताडमाड. मी त्यांच्यामध्ये घुसलो, तर माझा खांदा लाकडापर्यंत पोचेना. त्यातला कुणी वाकला नाही, त्यांना सुचलंच नाही, रडत होते बिचारे. मी हात वर करून, नुसती बोटं लावून चाललो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, हा बुटका चेंडू मागतोय.

आता आपलं शेवटचं भांडण. ते अर्धं राहिलंय आणि त्यासाठीच मी हे लिहायला बसलोय. तू खेळ सोडून परत आला होतास, घरी झोपाळ्यावर बसला होतास, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि मी विचारून टाकलं.

"रघ्या, एवढ्या मुलाखती दिल्यास. एकदा तरी माझं नाव घ्यायला काय झालं होतं?"

तू हसलास. "तुला कशाला रे नाव? तुझ्या दुकानाच्या पाटीवर आहे की, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात."

"मस्करी नको."

"आमच्या बापाचा नियम विसरला का? खाली ठरलेलं वर सांगत नाहीत."

"मग त्या जोसेफला कसं सांगितलंस? तिथं नियम नव्हता?"

"कोणी सांगितलं तुला?"

"टीव्हीवर बघितलं. सगळ्या जगानं बघितलं."

तू झोपाळा थांबवलास. म्हणालास, "तू टॉवेल बघितलास, बाळ्या. हात नाही बघितलेस."

"म्हणजे?"

तेवढ्यात फाटक वाजलं. कुठल्यातरी संस्थेची माणसं, उद्घाटनाचं निमंत्रण घेऊन. तू त्यांना बसा म्हणालास आणि मला म्हणालास, "पुढच्या वेळी निवांत बस. सांगतो." माझं डोकं फिरलं. मला थांबवून त्यांना बसवतोस? मी चहा न घेता निघालो. वहिनी मागून हाका मारत होत्या. त्यानंतर तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. भावात ताणून धरलं की समोरचा खाली येतो, असा माझा अनुभव. तू खाली आला नाहीस. गेलास.

तर शोकसभा. पाण्याची गोष्ट संपली, आणखी दोघं बोलले, आणि माझं नाव पुढं होतं. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, वाक्यं जुळवायला. छावणी, गुरुवार, घोंगडं, सगळं ओळीनं सांगायचं होतं. तिथं जोसेफ उभा होता. टीव्हीत दिसतो त्यापेक्षा बारीक, डोळे सुजलेले. त्यानं मला बघितलं आणि विचारलं, "आप उनके कौन, अंकल?"

मी कोण! एवढी वर्षं हात धरलेल्या माणसालासुद्धा तू माझं नाव सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, "दोस्त. बचपन का."

"बचपन का?" त्याच्या तोंडावर उजेड आला. "फिर आपको पता होगा. वो उँगलीवाला. भैया के गाँव का."

"पता है," मी म्हणालो. आतून मी पेटलो होतो.

"मुझे सिखाया था," तो म्हणाला. "और किसी को नहीं. पूरी टीम में किसी को नहीं." आणि त्यानं खिशातून रुमाल काढला, माझा हात घेतला, वर रुमाल टाकला. मला हात काढून घ्यायचा होता. घेतला नाही. बघू तरी म्हटलं, माझा माल कसा विकलास ते.

त्यानं मोजायला सुरुवात केली. अंगठ्यापासून.

मला वाटलं, रडण्याच्या भरात चुकला. त्यानं परत केलं. अंगठ्यापासूनच. नखाचा दाब नाहीच. एकेक बोट धरायचा आणि मला सांगायचा, हे म्हणजे इकडे, हे म्हणजे तिकडे. एकही जागा जुळत नव्हती. छावणीत असा हात कुणाला दिला असता तर मेंढराच्या जागी शेळी गळ्यात पडली असती. शेवटी तो म्हणाला, "और ये सबसे बढ़िया. ये आया तो मतलब, भैया बोल रहे हैं, आँख बंद करके मुझे दे दे. मैं डालूँगा." आणि त्यानं माझ्या तळव्याच्या मधोमध अंगठा रुतवला.

सौदा मोडला. हात काढ. मागं बघू नको.

माझा हात आपोआप मागं आला. तो दचकला. "क्या हुआ, अंकल?"

मला काय बोलता आलं असतं ते तुला माहीत आहे. बेटा, तुला बनवलं. तुला मिळालं ते खोटं नाणं आहे, खरं इथं आहे, या हातात. माझी जीभ तयार होती. ज्या पोरानं माझी इतकी वर्षं झोप उडवली, त्याचं तोंड उतरताना बघायची मला किती भूक होती. पण तो माझ्याकडे बघत होता, कुणीतरी ओळखीची भाषा बोलणारा भेटला अशा डोळ्यांनी. मी परत हात पुढं केला. म्हटलं, "कुछ नहीं. सही है. ऐसाच था."

आतून माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेलो. पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती, काठी मांडीवर आडवी टाकून. शेजारी जोसेफ येऊन बसला. माईक हातात होता, वाक्यं तयार होती, आणि एवढी माणसं पुन्हा कधी मिळणार नव्हती. पण छावणी सांगायची तर घोंगडं सांगायला लागणार, घोंगडं सांगायचं तर बोटं, आणि बोटं सांगितली की समोर बसलेल्या त्या पोराला कळणार. माझा वाटा त्याच्या खिशातून काढायला लागणार होता.

मी म्हणालो, "रघुनाथ आणि मी एका टीममध्ये खेळायचो. पास मी द्यायचो, टाकायचा तो." आणि खाली उतरलो.

लोकांना वाटलं, गहिवरला. तुझ्या आईला तसं वाटलं नाही. तिनं मला काठीनं अडवलं. "लई थोडकं बोललास की रं बाळू."

"व्हय, आई."

"भांडायला आलता ना? तोंडावरनं कळतंय."

मी वाकून तिच्या पायांना हात लावला.

"घरी ये. त्याच्या वाटणीचं मी भांडते. त्यो तसा बी मुका हुता, बापासारखा."

तेव्हापासून मी एकाच गोष्टीची उलटतपासणी करतोय. जोसेफ डावखुरा आहे, हे मी नंतर टीव्हीवर जुन्या मॅच बघून तपासलं. डाव्या हाताच्या माणसाला तू अंगठ्यापासून शिकवलं असशील, त्याच्या सोयीसाठी. नख खेळात लागत नसेल, म्हणून गाळलं असशील. असंही होऊ शकतं की इतक्या वर्षांत तू विसरलास, आणि जे आठवलं ते दिलंस. मी धंदेवाला माणूस आहे, मालातली खोट आधी बघतो. पण तळव्याचं काय? डावा असो की उजवा, तळव्याला मधली जागा एकच असते. धोंडीकाकांचा मुलगा तळव्याचा अर्थ विसरेल? की परक्याला अर्थ उलटा करून दिलास, म्हणजे खरा आपल्या दोघांतच राहील? की तुला नुसती गंमत वाटली, सौदा मोडायच्या खुणेवर मॅच जिंकायची? तू निवांत बसून सांगणार होतास. मी उठून आलो.

आता विचारायला कोणी नाही. काका गेले, हबीबचाचा गेले, छावणीत हल्ली लोक मोबाईलवर आकडा दाखवतात. माझी बोटं बरोबर वाचणारा माणूस उरला नाही. मला तुझा राग आहे, रघ्या, अजून आहे. माझं नाव तू घ्यायला हवं होतंस, एकदा तरी. त्यात मी तुला सूट देणार नाही. पण हातांचं काय झालं याची जेवढी उत्तरं समोर आहेत, त्यातलं मला हवं ते मी उचललंय: खरी बोटं तू माझ्यासाठी राखून ठेवलीस. खरं आहे की नाही, तपासलं नाही. घासाघीस केली नाही. सांगितलेल्या भावात घेतलं.